चिमटा कपडे बाहेर जाऊ देत नाही

तीन दिवस धुकं हललं नव्हतं. अशा हवेत कपडे वाळत नाहीत, दोरीवर लटकून नुसते गार होत राहतात. घडीताईने मागच्या अंगणातल्या एका चादरीचं टोक गालाला लावून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि सगळ्या चादरी ओढून काढून आतल्या दोरीवर टाकल्या. कापड ओलं आहे की नुसतं गार आहे, हे हाताला कळत नाही, गालाला कळतं. ही युक्ती बाबांची. लाँड्री बाबांची, वाफेची प्रेस बाबांची आणि शेहेचाळीस वर्षांची मीसुद्धा बाबांचीच, असं ती हसून सांगायची. कुठलाही कपडा, मग तो झालरींचा झगा का असेना, ती चार हालचालींत चौकोनी करायची, म्हणून अख्ख्या रस्त्याने तिला घडीताई करून टाकलं होतं.

प्रेस तापायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात बाबांचं सकाळचं सगळं उरकायचं. दुकान आणि मागची खोली यांच्यामध्ये एक निळा पडदा होता आणि पडद्यामागे बाबांची खाट. तीन वर्षांपूर्वी बाबांची उजवी बाजू गेली. पाय गेला, हात गेला, बोलणं गेलं. 'नको' आणि 'आं' एवढंच मागे उरलं. उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. घडीताई रोज ओल्या फडक्याने एकेक बोट उकलून तळवा पुसायची आणि तिने हात सोडला की मूठ पुन्हा मिटायची.

"बिस्किटं दोन की तीन?" तिने चहा ढवळत विचारलं.

बाबांनी डाव्या हाताची चार बोटं वर केली.

"चार! कुणाशी पैज लावलीय का?"

बाबांचा एक डोळा हसला. तिला बरं वाटलं. हल्ली त्यांची भूक सुधारली होती.

तिने शटर वर ढकललं तसा चिमटा उठला, अंग झाडलं आणि उंबऱ्यात जाऊन आडवा झाला. तांबूस, एक कान पडलेला, कुठल्याच जातीत न बसणारा कुत्रा. पिल्लू असताना दोरीवरचे चिमटे पळवायचा, म्हणून चिमटा. राखणीचे कुत्रे रस्त्याकडे तोंड करून बसतात, हा दुकानाकडे तोंड करून बसायचा. आत कोण येतंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. पण तेच माणूस कपडे घेऊन बाहेर निघालं की हा उठायचा आणि बोचक्याचं टोक तोंडात धरून उभा राहायचा. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. नुसतं धरायचं. घडीताईने येऊन सोडवेपर्यंत धरायचं.

हे त्याला कुणी शिकवलं, तर घरानेच. बाबा आजारी पडल्यावर दोनच महिन्यांनी, भर दुपारी, एक सभ्य दिसणारा माणूस हँगरवरचे चार कोट खांद्यावर टाकून चालता झाला होता. घडीताई मागच्या मोरीत होती. चिमटा तेव्हा जेमतेम वर्षाचा. त्याने रस्त्यावर गाठून एका कोटाची बाही धरली, तशी त्या माणसाने चारही कोट टाकून धूम ठोकली. बाही तोंडात घेऊन, कोट धुळीतून ओढत, चिमटा थेट पडद्यामागे गेला आणि कोट बाबांच्या खाटेपाशी ठेवला. बाबा दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले. आणि अडखळत, पण स्पष्ट म्हणाले, "शाब्बास." घडीताई ओल्या हातांनी तशीच रडत बसली होती. त्या दिवशी कुत्र्याला वाटीभर दूध, पाव आणि अंडं मिळालं. तो ते विसरला नाही. घरातली माणसं मात्र विसरली.

आधी गिऱ्हाइकं हसायची. "अहो, पावती दाखवा त्याला," म्हणून एकमेकांची चेष्टा करायची. मग शनिवारी कोर्टातला कारकून घाईत आला. त्याने आपला काळा कोट खेचला, चिमट्याने उलटा खेचला, बाही खांद्यापासून उसवली आणि दोन दात मनगटात गेले. कारकूनच तो. ओरडला नाही, त्याने लिहून दिलं. कागद गेला वरच्या मजल्यावर, जागेच्या मालकीणबाईंकडे.

मालकीणबाई वाईट नव्हत्या. बाबांच्या आजारपणात दोनदा डबा पाठवलेला होता. त्या संध्याकाळी काठी टेकत खाली आल्या आणि कागद काउंटरवर ठेवला.

"मी कुत्र्याच्या वाईटावर नाही, बाळ. पण उद्या कुणाचं लहान पोर चावलं तर? पुढच्या रविवारी मी स्वतः येईन. माझी चादर घेईन आणि या दारातून बाहेर जाईन. त्याने धरलं तर कुत्रा जाईल. कुत्रा गेला नाही तर दुकान जाईल."

"मावशी, आठ दिवसांत..."

"तीन वर्षं होतीच की तुझ्याकडे."

घडीताईने कागदाची घडी घातली. चार हालचालींत.

सोमवारी त्या धुक्यात कुत्र्यांचे मास्तर आले. जाड मिशा, गळ्यात शिट्टी, हातात एक साखळी, ओढली की गळ्याभोवती आवळणारी. त्यांनी आधी दुकान पाहिलं, मग कुत्रा पाहिला, मग घडीताईला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"घरात माणसं किती?"

"मीच. धाकटी बहीण अधूनमधून येते. आणि बाबा."

"बाबा चालते-फिरते?"

"नाही हो. अंथरुणावर आहेत."

"मग त्यांना मोजू नका. पण तुम्ही आणि बहीण, दोघींनी एकच शिस्त पाळायची. घरात दोन शिस्ती असल्या की कुत्रा तिसरी काढतो."

घडीताईने मान डोलावली. बाबांना हिशेबातून वगळलं ते असं, एका वाक्यात, आणि तिला त्यात काही चुकल्यासारखंही वाटलं नाही.

मास्तरांनी एक बोचकं उचललं, दाराकडे निघाले. चिमटा उठला. "आता! झटका!" मास्तर ओरडले. घडीताईने साखळी ओढली. चिमटा खोकला, बोचकं सोडलं आणि मान वळवून तिच्याकडे पाहिलं. चूक कुणाची, असं विचारल्यासारखं. दुसऱ्या वेळी तिचा हात अर्ध्यातच ढिला पडला.

"ताई, तुम्ही गार इस्त्री फिरवताय," मास्तर म्हणाले. "सुरकुती जाणार कशी?"

"गरम फिरवली तर कापड जळतं, मास्तर."

"मग माझी पद्धत तुम्हाला झेपायची नाही." ते रागावले नाहीत. साखळी गोळा करून खिशात घातली. जाताना हातात काही नव्हतं, त्यामुळे चिमट्याने त्यांना सुखाने जाऊ दिलं.

मंगळवारी शेजारच्या मोच्याने उपाय आणला. मोची म्हणजे भिंतीपलीकडचा चपला शिवणारा गडी, साठीचा, सल्ले फुकट आणि टाचा महाग. "तोंडावर पाण्याचा फवारा मारायचा. माझ्या मेहुण्याच्या कुत्र्याने दोन दिवसांत भुंकणं सोडलं. बाटली आहेच तुझ्याकडे."

बाटली होतीच. इस्त्रीआधी कपड्यांवर पाणी मारायची. मोच्याने एक सदरा उचलला, चिमट्याने धरला, घडीताईने त्याच्या नाकावर फुस्स केलं. चिमट्याने सदरा सोडला, डोळे मिटले आणि आणखी पाण्यासाठी तोंड उघडलं. पिल्लू असल्यापासून तो त्या फवाऱ्याखाली वाढला होता. उन्हाळ्यात तर त्याची तीच अंघोळ.

"हा तर मजा मारतोय!" मोची म्हणाला.

"तुमच्या मेहुण्याची लाँड्री नसेल."

"मेहुणा अंघोळच करत नाही, कुत्र्याला कुठून सवय!"

दोघंही हसली, पण हसून झाल्यावर घडीताईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पाच दिवस उरले होते.

बुधवारी धाकटी आली. ती एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची आणि जगातला प्रत्येक प्रश्न तिने मोबाईलवर एकदा तरी पाहिलेला असायचा. तिच्या डब्यात उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे होते.

"मारायचं नाही, ओरडायचं नाही. 'सोड' म्हणायचं, सोडलं की तुकडा. त्याला कळलं पाहिजे की सोडण्यात फायदा आहे."

दुपारपर्यंत चिमट्याला कळलं. इतकं कळलं, की सोडायला मिळावं म्हणून तो आधीपेक्षा लवकर धरायला लागला. गिऱ्हाइकाने पिशवीला हात लावला की हा हजर. धर, सोड, अंडं. धर, सोड, अंडं.

"अगं, हा धंदा करायला लागला," घडीताई म्हणाली.

"पहिल्या दिवशी असंच होतं. आता तुकडा उशिरा द्यायचा, हळूहळू कमी करायचा. ताई, धीर धर जरा."

"माझा धीर रविवारपर्यंतचाच आहे."

गुरुवारी तुकडे कमी केले. 'सोड' म्हटल्यावर तो सोडत होता. अंडं नाही मिळालं तरी रुसत नव्हता. पण दर वेळी सोडल्यावर, कुणाकडे न बघता, पडद्याखालून आत जायचा आणि जिभेने नाक पुसत परत यायचा. तीनचारदा असं झाल्यावर घडीताईने हातातली इस्त्री उभी केली आणि त्याच्या मागोमाग जाऊन पडद्याची कड बाजूला केली.

चिमटा खाटेवर हनुवटी टेकून उभा होता. बाबांची उजवी मूठ, तीच मूठ, खाटेच्या काठावर आली होती. आधी अंगठा हलला. मग पहिलं बोट थरथरत, रुसलेल्या चेनसारखं अडत अडत, उघडलं. दुसरं उघडलं. आत बिस्किटाचा तुकडा होता. तो कुत्र्याच्या जिभेवर पडला. बाबांच्या वाकड्या ओठांतून शब्द आला, ओला आणि पूर्ण.

"शाब्बास."

धाकटी मागून आली. तिनेही पाहिलं.

"आपण चार दिवस शिकवतोय," धाकटी हळूच म्हणाली, "आणि बाबा तीन वर्षं."

चार बिस्किटांचा अर्थ आता लागला. दर बुधवारी व्यायाम शिकवायला येणारी मुलगी गेल्या काही आठवड्यांत खूश का होती, तेही कळलं. "बोटं मोकळी व्हायला लागलीत, ताई. तुम्ही घरी चेंडूचा व्यायाम करून घेता ना?" असं ती विचारायची. घडीताई हो म्हणायची. चेंडू तर बाबा रोज भिंतीवर फेकून द्यायचे, तेही डाव्या हाताने.

दोघी बहिणी प्रेसच्या वाफेत उभ्या राहून कुजबुजत भांडल्या.

"सांगावं लागेल त्यांना."

"तू सांग."

"तू मोठी आहेस."

"मोठी म्हणून सगळं माझ्याच गळ्यात? तुझं ऐकतात ते."

"ताई, मोबाईलमध्ये यावर काही नाही," धाकटी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

शेवटी घडीताईच गेली. खाटेच्या कडेला बसली. बाबांचा सदरा नीट केला, उशी सारखी केली. मग म्हणाली, "बाबा, चिमट्याला काही द्यायचं नाही. धरून आला तरी नाही. त्याने माणूस चावलाय. रविवारी पुन्हा धरलं तर त्याला इथून घालवावं लागेल. किंवा आपल्याला जावं लागेल. तुम्ही दिलंत तर तो धरतच राहणार."

बाबांनी सगळं ऐकलं. त्यांना सगळं कळायचं, हीच तर पंचाईत होती. त्यांनी डावा हात उशीखाली घातला आणि बिस्किटाचा तुकडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. मग आणखी एक. मग आणखी एक. शाळेत पकडलेल्या पोराने खिसे रिकामे करावेत तसे, अकरा तुकडे. शेवटचा बारीक चुरा झटकायलाही ते विसरले नाहीत.

"आं," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

शुक्रवार वाईट गेला. चिमटा धरायचा, सोडायचा, आत जायचा, रिकाम्या तोंडाने परत यायचा आणि पुढच्या वेळी जास्त जोरात धरायचा. एका उशीच्या खोळीचे दोन तुकडे केले. घडीताईने मास्तरांना फोन लावला आणि त्याला आतून गुपचूप खायला मिळत होतं, ते आता बंद केलंय, असं सांगितलं.

"असंच होतं," मास्तर म्हणाले. "आधी चढतं, मग उतरतं. आता कुणी मधेच नरमलं तर सगळं मुसळ केरात. कोण देत होतं खायला?"

"घरातलंच एक माणूस."

"मग त्या माणसाला आधी सरळ करा."

"केलंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शनिवारी दुपारी तो धरेनासा झाला. एक गिऱ्हाईक बोचकं घेऊन निघालं, चिमटा उठला, दोन पावलं गेला, पडद्याकडे पाहिलं. पडदा हलला नाही. तो परत उंबऱ्यात बसला. या खेपेला रस्त्याकडे तोंड करून.

रविवारी मालकीणबाई आल्या. ठरल्याप्रमाणे आपली चादर उचलली, काठी टेकत दारातून बाहेर गेल्या, फूटपाथवर थांबल्या, मागे वळून पाहिलं. चिमट्याने पायाजवळून काठी गेली म्हणून शेपटी आत घेतली, एवढंच.

"बघ," त्या म्हणाल्या. "मनावर घेतलंस की झालं."

"हो, मावशी."

"चेहरा का असा? खूश नाहीस?"

"खूश आहे की." तिने त्यांच्या हातातली चादर परत घेऊन नीट घडी घालून दिली, कारण परीक्षेच्या गडबडीत ती विस्कटली होती. मोच्याने भिंतीपलीकडून टाळ्या वाजवल्या. धाकटीने फोनवर "येस!" म्हणून किंकाळी मारली. पडद्याआडून काहीच आवाज आला नाही.

सोमवारपासून बाबा एकच बिस्कीट घ्यायला लागले. तेही अर्धं. चिमटा त्यांच्या खाटेपाशी जायचा, हनुवटी टेकायचा. बाबा त्याच्याकडे बघायचे नाहीत. दिलेला शब्द ते पाळत होते.

बुधवारी व्यायामवाली मुलगी आली. तिने बाबांचा हात हातात घेतला, बोटांशी झटली, कपाळावर आठ्या आल्या.

"ताई, हे काय? मागच्या वेळी तीन बोटं उघडत होती. आता पुन्हा दगड. काय बदललं घरात?"

"कुत्रा शहाणा झाला," घडीताई म्हणाली.

मुलीला ते समजलं नाही. तिने नवा, मऊ चेंडू दिला. बाबांनी तो घेतला आणि शांतपणे डाव्या हाताने भिंतीवर फेकला.

त्या दिवशी घडीताईने एक सदरा दोनदा इस्त्री केला आणि एक केलाच नाही. मालकीणबाईंचा कागद अजून काउंटरच्या खणात होता. मास्तरांचं वाक्य कानात होतं, अंड्याचा रिकामा डबा फळीवर होता, फवाऱ्याची बाटली हातात होती. एवढ्या पद्धती झाल्या, त्यातली एकसुद्धा या खोलीला पुरी पडत नव्हती. संध्याकाळी ती मोच्याच्या दुकानात गेली.

"उद्या सकाळी एक काम आहे. माझ्याकडून चादर चोरायची."

मोच्याने तोंडातले खिळे काढले. "काय?"

"शटर अर्धं खाली असेल. गिऱ्हाईक कुणी नसेल. तुम्ही आत यायचं, चादर घ्यायची आणि जायचं. तो धरेल. एकदाच, रोज सकाळी."

"अगं, आत्ता कुठे सुटली त्याची सवय! पुन्हा धरायला लागला तर? म्हातारी वरून बघतेय."

"माहितेय."

"मग?"

"बाबांची मूठ मिटली हो," ती म्हणाली.

गुरुवारी मोची उजव्या मनगटाला बुटाचं कातडं गुंडाळून आला. शटर कमरेपर्यंत उघडं होतं आणि खालून धुकं आत येत होतं. घडीताईने बाबांच्या मुठीत, बोटं उकलून, बिस्किटाचा तुकडा ठेवला. बाबांनी प्रश्नार्थक पाहिलं.

"आज द्यायचं," ती म्हणाली. "धरून आला तर."

बाबांचा डोळा लकाकला. त्यांनी मान पडद्याकडे वळवली.

मोच्याने चादर उचलली, चोरासारखी मान आत घातली, शटरखालून वाकून बाहेर गेला. चिमटा उंबऱ्यात पडून त्याच्याकडे पाहत होता. हलला नाही.

मोची परत आला. पुन्हा गेला. या वेळी पाय आपटत गेला. चिमट्याने जांभई दिली.

"धर ना रे," घडीताई त्याच्या कानाशी म्हणाली. मागच्या आठवड्यात 'सोड' म्हणणारा तोच आवाज. "धर. जा. तो नेतोय बघ." चिमट्याने तिचा हात चाटला. बिचारा शहाण्यासारखा वागत होता आणि तरी ही खूश का नाही, ते त्याला कळेना. तिने चादरीचं टोक त्याच्या तोंडात दिलं. त्याने ते अलगद खाली ठेवलं.

तिसऱ्यांदा मोची बाहेर जाऊन आला तेव्हा त्याच्या गुडघ्यांनी कटकट केली. आतून खाटेची करकर ऐकू आली. बाबा कुशीवर व्हायची खटपट करत होते, ऐकायला सोपं जावं म्हणून.

"आता मी काय करू?" मोची म्हणाला. कातडं सोडवायला लागला. "माझंही दुकान आहे, पोरी."

"उद्या याल?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं. "येतो. पण जुनी चादर दे. हिचा माझ्या हातांनी पार बोळा झाला."

तो गेला. घडीताईने पडदा बाजूला केला नाही. मूठ अजून मिटलेली असणार आणि आत बिस्कीट मऊ पडत असणार, एवढं तिला न बघताही माहीत होतं. प्रेस तापल्याचा शिट्टीसारखा आवाज आला. तिने शटर पूर्ण वर केलं, चोरीची चादर झटकली आणि तिचं टोक गालाला लावलं. अजून ओलंच होतं. ती चादर तिने पुन्हा आतल्या दोरीवर टाकली आणि खिशातून दोन चिमटे काढले.